उपग्रह निकालात काढण्याची घाई

महोदय,

एखादा छोटा हौशी रेडिओ उपग्रह गप्प झाला की बातम्यांत तो लगेच ‘मृत’ ठरतो. ऑस्कर-७ पाहा. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सोडलेल्या या उपग्रहाची बॅटरी १९८१मध्ये शॉर्ट झाली आणि तो बंद पडला. २००२मध्ये त्याचे संकेत पुन्हा ऐकू आले! शॉर्ट झालेली बॅटरी आतूनच तुटली असावी, असा तर्क आहे. त्यामुळे सौरपट्ट्यांची वीज तिच्यात न जिरता थेट यंत्रणेला मिळू लागली. एका बिघाडाने दुसरा दुरुस्त केला म्हणायचे. अर्थात पृथ्वीच्या सावलीत शिरला की तो बंदच पडतो.

वर पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन कोणी जाऊ शकत नाही. निदान करायचे ते बीकनमधल्या, म्हणजे उपग्रह स्वतःहून पाठवत असलेल्या रेडिओ संकेतातल्या, आकड्यांवरून: बॅटरीचे व्होल्टेज, पट्ट्यांचा विद्युतप्रवाह, तापमान. उन्हात बीकन येतो, सावलीत थांबतो, तर पहिला संशय बॅटरीवर. घड्याळ वारंवार शून्यावर येत असेल, तर संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होतो आहे. या नोंदी जगभरचे हौशी रेडिओचालक विनामोबदला ठेवतात. बातमी छापण्यापूर्वी निदान त्या तरी पाहाव्यात.

– एक हौशी रेडिओचालक