शिक्षणमंत्री साहेब, माझ्या मुलाला मंद ठरवायच्या आधी हे वाचा

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात मुलाच्या इंटरनॅशनल स्कूलचा ईमेल आला, तो आता इंग्रजी छान बोलतो म्हणून लँग्वेज सपोर्ट बंद. पाठोपाठ रिपोर्ट आला, विज्ञान आणि इतिहासात फार मागे आहे, लर्निंग डिसॅबिलिटीची टेस्ट करून घ्या. अॅडमिशनच्या वेळी हेच लोक म्हणाले होते की इंग्रजी येत नसलं तरी काळजी नको, लागतील तितकी वर्षं मदत करू, आणि त्या मदतीची फी वेगळी घेतली.

साहेब, मधल्या सुट्टीत मित्रांशी फाडफाड बोलणं वेगळं आणि प्रयोग वाचून निष्कर्ष लिहिणं वेगळं. कॅनडातले भाषा-शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच हा फरक मांडलाय आणि पुढच्या अभ्यासात दाखवलंय, बोलण्यापुरती भाषा साधारण २ वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला ५ ते ७ वर्षं लागतात. शाळांना हे माहीत नाही असं मी मानणार नाही. माझ्या मुलाला तर ग्रामरसाठी नेमकं विज्ञानाच्या तासालाच वर्गाबाहेर काढायचे, तास बुडवला यांनी आणि मागे पडला म्हणून शिक्का त्याच्यावर!

रात्री मी तोच धडा आमच्या भाषेत समजावते तेव्हा तो मलाच उलट प्रश्न विचारतो, इतकं त्याला कळलेलं असतं. मग अडचण डोक्यात आहे का भाषेत? वर आम्हाला सांगितलं घरी पण इंग्रजीच बोला, आम्ही ऐकलं, आणि आता तो आजीशी धड बोलत नाही, ती फोन ठेवून रडते. हे नुकसान कोण भरून देणार?

तुमचं खातं म्हणतं खाजगी शाळेचा अंतर्गत मामला. मग मान्यता कोण देतं? तपासणीला येणारे इमारत बघतात, कागद बघतात, पण भाषा शिकवणारा माणूस ट्रेनिंग घेतलेला आहे का हे कुणी विचारत नाही. सगळी व्यवस्थाच अशी झालीय, फी भरणाऱ्याला तक्रारीचा हक्कच नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये लाउ विरुद्ध निकोल्स खटल्यात सांगितलं की भाषा न कळणाऱ्या मुलाला तीच पुस्तकं, तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक होत नाही. तो खटला सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांचा होता, मान्य, पण वर्गात बसलेलं मूल तर तसंच आहे ना?

मान्यतेच्या अटींतच लिहा की सपोर्ट वाचन-लेखन बघून थांबवायचा, बोलणं ऐकून नाही. मुख्य विषयाच्या तासातून मुलाला उठवायचं नाही, भाषेच्या टीचरनेच वर्गात यायचं. आणि मातृभाषेत तपासल्याशिवाय कुठल्याही मुलावर डिसॅबिलिटीचा शिक्का नको. माझ्या मुलाची टेस्ट पुढच्या महिन्यात इंग्रजीतूनच ठेवलीय, मला त्याच्या आधी तुमचं लेखी उत्तर हवंय.

एक आई