ती खुर्ची पिअर जानरे यांची आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला चंदीगडच्या खुर्च्यांवरचा लेख वाचला. छायाचित्र मोठे आणि सुरेख छापले आहे, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्याखालची ओळ वाचली आणि काल दिवसभर दुसरे काही सुचले नाही, म्हणून हे पत्र. 'ल कॉर्बुझिए यांची जगप्रसिद्ध खुर्ची' असे तुम्ही छापले आहे. ती खुर्ची चंदीगडचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्बुझिए यांची नाही, वास्तुरचनाकार पिअर जानरे यांची आहे. पानभर लेखात जानरे हे नाव एकदाच येते, तेही 'त्यांचे चुलतभाऊ व सहायक' एवढ्यापुरते.

सहायक हा शब्द मला फार लागला. १९२२ पासून १९४० पर्यंत पॅरिसमध्ये हे दोघे भागीदार होते. पॅरिसजवळच्या व्हिला साव्वा या घराचे तुम्ही एवढे कौतुक केले आहे, ते काम दोघांचे आहे. १९२७ मध्ये फर्निचर आखणाऱ्या शार्लोत पेरियाँ त्यांच्याकडे आल्या आणि पुढच्या वर्षी ती नळ्यांच्या चौकटीवर झुलणारी आरामखुर्ची तयार झाली. तीही तिघांची. बाजारात ती वर्षानुवर्षे 'एलसी' या अक्षरांनी विकली गेली. ही अद्याक्षरे कुणाची, हे सांगायला नको. उरलेल्या दोघांची नावे अक्षरांत बसली नाहीत आणि लोकांच्या तोंडातही बसली नाहीत. ही चूक पूर्वी परदेशात झाली, ती आता मराठीत नव्याने का करायची?

चंदीगडच्या बाबतीत तर ही चूक अजिबात चालण्यासारखी नाही. ल कॉर्बुझिए यांचा करारच मुळी वर्षातून दोन खेपा येऊन महिना-महिनाभर राहण्याचा होता. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे इंग्रज वास्तुरचनाकार दांपत्य तीन वर्षे राहिले आणि परत गेले. जानरे १९५१ मध्ये आले ते १९६५ पर्यंत तिथेच राहिले. चौदा वर्षे! मंत्र्यापासून शिपायापर्यंत प्रत्येकाच्या हुद्द्याप्रमाणे आणि खर्चाच्या मर्यादेप्रमाणे सरकारी घरांचे प्रकार ठरवलेले होते. ती घरे, शाळा, विद्यापीठाच्या इमारती यांवर उन्हातान्हात उभे राहून काम करून घेणारा माणूस हा होता. पुढे ते पंजाब सरकारचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. पंजाब विद्यापीठातले गांधी भवन त्यांचे. पाण्यात कमळ उमलावे तशी ती वास्तू आहे. तुमच्या लेखात तिचे नावही नाही.

आता माझे म्हणणे. मी नाशिकची. लग्नानंतर यजमानांच्या नोकरीमुळे चंदीगडला गेले आणि तिथल्या एका सरकारी ग्रंथालयात बावीस वर्षे काम केले. ती बावीस वर्षे मी ज्या खुर्चीवर बसले, तीच तुमच्या छायाचित्रातली खुर्ची, म्हणजे त्याच घडणीची. बाजूने पाहिले तर कंपास उघडून उभा ठेवावा तसे दोन पाय, त्यांच्यावर टेकलेला आडवा हात, सागवानाची चौकट आणि बैठकीला व पाठीला वेत. आमच्याकडचे लोक तिला 'बेंतवाली कुर्सी' म्हणत. ती कुणी घडवली, हे पहिली काही वर्षे मलाही ठाऊक नव्हते. आमच्या वाचनालयात वास्तुकलेचे विद्यार्थी येत. त्यांच्यातल्या एका मुलीने एक दिवस माझी खुर्ची उलटी करून तिची मापे घेतली आणि मला जानरे हे नाव सांगितले.

तुमच्या लेखकाने या खुर्चीला 'शिल्पासारखी' म्हटले आहे. बसायला ती कशी होती, हे मात्र कुठेच नाही. चंदीगडचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला वेताची किंमत कळते. मे महिन्यात रेक्झिनच्या गादीला पाठ चिकटते, वेतातून वारा जातो. दर दोन-तीन वर्षांनी वेत सैल पडायचा. मग विणणारा माणूस यायचा, बादलीत वेत भिजत घालायचा, व्हरांड्यात बसून दिवसाला दोन-तीन खुर्च्या विणून द्यायचा आणि खुर्ची पुन्हा नवी व्हायची. चौकटीला बावीस वर्षांत मी एकदाही सुताराला हात लावू दिला नाही, कारण गरजच पडली नाही. पैसे थोडे, शहर घाईने उभे राहते आहे, कचेऱ्यांना हजारो खुर्च्या-टेबले हवीत, हाताशी सागवान, शिसम, वेत आणि गावातले सुतार. एवढ्यावर या माणसाने ते सामान उभे केले. परदेशातून स्टीलच्या नळ्या मागवल्या नाहीत. पॅरिसमध्ये नळ्या वाकवणारा माणूस इथे येऊन इथल्या सुताराच्या रंध्याला आणि पटाशीला जमेल अशी आकृती काढतो, ही मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. हे काम त्यांनी एकट्याने केले असेही मी म्हणत नाही. युली चौधरी या भारतीय वास्तुरचनाकार फर्निचरच्या कामात त्यांच्याबरोबर होत्या. त्यांचे नाव तर तुमच्या लेखात एकदाही नाही.

१९९६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे नवे फर्निचर आले. फिरत्या, फोमच्या खुर्च्या. जुन्या सगळ्या सायकल स्टँडच्या मागे एकावर एक टाकल्या. जुलैत पाऊस सुरू झाला. मी रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघत असे. वेत काळा पडला, मग फाटला. लाकडाला मात्र काही झाले नव्हते. माझी खुर्ची मला ओळखता येत होती, कारण पाठीच्या मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात आमच्या खात्याची अक्षरे आणि ४७ हा आकडा रंगवलेला होता. मी वरिष्ठांकडे गेले आणि म्हणाले, ही एक खुर्ची मला द्या, तुम्ही सांगाल ती रक्कम मी भरते. अर्जही दिला. उत्तर मिळाले, "मॅडम, एक नग विकता येत नाही, पूर्ण लॉटच जाईल." पंधरा दिवसांनी लॉट गेला. भंगारवाल्याने टेम्पो आणला होता. चढवताना जी खुर्ची आडवी बसेना तिचा हात त्यांनी ठोकून काढला. मी खिडकीत उभी होते. आमच्यातल्या एकानेही, मीसुद्धा, खाली जाऊन त्यांना थांबवले नाही.

त्या खुर्च्या पुढे परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना जाऊ लागल्याचे आम्हाला वर्तमानपत्रांतूनच कळले. परदेशी व्यापाऱ्यांवर तुमचा लेख तुटून पडला आहे. मला ते पटत नाही. त्यांनी सरकारी लिलावात पावती घेऊन माल उचलला. फेकायला काढला तो आपण. केंद्र सरकारने हे सामान विकण्यावर बंधन घातले ते २०११ मध्ये. त्यानंतर मोजदाद झाली तेव्हाही शहरातल्या कचेऱ्यांत अशा बारा हजारांहून अधिक वस्तू शिल्लक होत्या. म्हणजे त्याआधी किती गेल्या असतील, याचा विचार करावा. ज्यांच्या हातात त्या होत्या त्यांना जानरे हे नाव माहीत असते, तर एवढ्या सहज गेल्या नसत्या. म्हणून छायाचित्राखालच्या एका ओळीसाठी मी हे एवढे लांब पत्र लिहिते आहे.

आणखी एक. याच लेखात 'स्वातंत्र्यानंतरची आधुनिक वास्तुकला परदेशी माणसांनी आणली' असे एक वाक्य आहे. मराठी वर्तमानपत्रात हे वाक्य छापताना आचऱ्याच्या वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे यांची कुणालाच आठवण होऊ नये? जे. जे. मधून शिकून ते हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिउस या नामवंत जर्मन वास्तुरचनाकाराच्या हाताखाली शिकले आणि परत येऊन त्यांनी कानपूरच्या आयआयटीचे आवार उभे केले. आपल्या सिंधुदुर्गातला माणूस. मुंबईत नेहरू विज्ञान केंद्रात मुलांना घेऊन जाणाऱ्या किती आई-वडिलांना माहीत आहे की ती इमारतही त्यांचीच? त्यांच्यावर तुमच्या पुरवणीत पूर्ण पान आलेले मी तरी पाहिलेले नाही, आणि मी पुरवणी दर रविवारी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

जानरे यांच्याविषयी लिहायचेच असेल तर तुमच्या प्रतिनिधीने चंदीगडला सेक्टर ५ मधल्या ५७ नंबरच्या घरी जावे. तिथे ते राहत होते. आता ते संग्रहालय आहे आणि त्यांनी आखलेले सामान तिथे जागच्या जागी आहे. तिथून सुखना तलावावर जावे. १९६५ मध्ये तब्येत ढासळल्यामुळे त्यांना हे शहर सोडावे लागले. दोन वर्षांनी जिनिव्हात ते वारले. आपल्या अस्थी सुखनात सोडाव्यात अशी त्यांची इच्छा होती आणि १९७० मध्ये त्यांच्या पुतणीने येऊन ती पुरी केली. ज्या माणसाने मरणानंतरही चंदीगडलाच परत यायचे ठरवले, त्याला आपण 'सहायक' म्हणून एका ओळीत उरकतो.

माझी विनंती अशी की, दुरुस्ती छापावी आणि ती पुरवणीच्या त्याच पानावर, वाचता येईल अशा टायपात छापावी. आतल्या पानावर राशिभविष्याच्या खाली नको.

शेवटी एक खासगी विचारणा. तुमच्या छायाचित्रात खुर्ची समोरून दिसते. लेखकाकडे किंवा ज्यांच्याकडून तुम्हाला ते छायाचित्र मिळाले त्यांच्याकडे मागच्या बाजूचेही एखादे असेल, तर पाठीच्या पट्टीवर कोणता आकडा आहे तेवढे मला कळवावे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, नाशिक