कँब्रियनची सीमा कुणी सरकवलेली नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत पृथ्वीच्या इतिहासाचा पानभर तक्ता आला होता. रंगीत, देखणा. त्याखालच्या लेखात मात्र म्हटले होते की कँब्रियन या प्राचीन कालखंडाची, म्हणजे कल्पाची, सुरुवात पूर्वी ५४ कोटी १० लाख वर्षांपूर्वी मानत, आता शास्त्रज्ञांनी ती २२ लाख वर्षे अलीकडे ओढली आहे, तेव्हा हे सगळे आकडे शेवटी अंदाजच. हे वाचले आणि राहवले नाही. खडकांचे वय काढणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी साहाय्यक होते. दगड फोडण्यापासून त्यातले कण वेगळे करून देईपर्यंतचे काम माझ्याकडे असे.

कल्पाची सीमा वेगळी आणि त्या सीमेचे वय वेगळे, हे लेखकाने लक्षातच घेतलेले नाही. सीमा खडकात ठरते. आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोग जगातली एकच जागा निवडतो, तिथल्या एका थरातली नेमकी पातळी मुक्रर करतो आणि त्यावर मतदान होते. या पातळीला ‘सोनेरी खिळा’ म्हणतात. काही ठिकाणी खरोखरच धातूची खूण ठोकलेली आहे. पहिला खिळा १९७२ साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या क्लोंक इथे, सिल्युरियन आणि डेव्होनियन या कल्पांच्या सीमेसाठी मंजूर झाला. कँब्रियनचा खिळा १९९२ साली ठरला, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्यून हेड या समुद्रकड्यावर. तिथे ‘ट्रेप्टिक्नस पेडम’ नावाची बिळे पहिल्यांदा दिसू लागतात असे तेव्हा मानले, म्हणून ती पातळी. कुठल्याशा अळीसारख्या प्राण्याने समुद्रतळाच्या चिखलात फांद्या फोडत केलेली ही बिळे. पुढे तशीच बिळे खिळ्याच्या सुमारे ४ मीटर खालीही सापडली, आणि थोडी पंचाईत झाली. तरी खिळा जागचा हलला नाही. नवी मोजणी आली म्हणून शेताच्या हद्दीचा दगड कुणी उपटून दुसरीकडे लावत नाही, तसेच हे.

मग ते २२ लाख कुठून आले? गाळाच्या खडकाचे वय थेट काढता येत नाही, कारण त्यातली वाळू आणि माती ही आणखी जुन्या खडकांची झीज असते. त्यासाठी गाळाच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडावा लागतो, आणि फॉर्च्यून हेडला मोजण्याजोगी राखच नाही. म्हणून त्याच काळातले थर दुसरीकडे शोधले गेले. ओमानमधल्या राखेवरून ५४ कोटी १० लाख हा आकडा आला होता. नंतर नामिबियातली राख मोजली गेली आणि २०२२ च्या तक्त्यात ५३ कोटी ८८ लाख हा आकडा बसला. ओमानचा अमुक थर न्यूफाउंडलंडच्या तमुक पातळीचा समकालीन, हे जीवाश्मांवरून आणि कार्बनच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या) प्रमाणातील चढउतारांवरून जुळवतात. शंका घ्यायचीच असेल तर ती या जुळवणीवर घ्यावी. तिथे तज्ज्ञही भांडतात.

वय मोजण्याबद्दल मात्र मी ठामपणे बोलू शकते. राखेचा दगड आधी जबड्यासारख्या क्रशरमध्ये फुटतो, मग दळला जातो, चाळला जातो, पाण्यात धुऊन हलका गाळ काढून टाकतात. चुंबकाकडे ओढले जाणारे दाणे यंत्राने बाजूला करायचे. उरलेले दाणे मिथिलीन आयोडाइड या जड द्रवात टाकायचे. याची घनता ३.३, क्वार्ट्झ (गारगोटीचे खनिज) वर तरंगतो, आणि वय काढायला हवे असलेले झिर्कॉन हे जड खनिज तळाशी जाते. मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक कण वेचायचा. केसाच्या जाडीएवढे कण, मान भरून येते. पीएच.डी.ची मुले दारातूनच विचारत, “ताई, किती निघाले?” आधीच्या नमुन्याचा एखादा कण चाळणीत अडकून राहिला तर पुढच्या दगडाच्या वयाचा बट्ट्याबोळ होतो, म्हणून चाळण्यांच्या बाबतीत मी फार कडक होते. मुलांना ते आवडत नसे.

एवढा खटाटोप झिर्कॉनसाठीच का, तर तो घडताना युरेनियम आत घेतो आणि शिसे जवळजवळ घेतच नाही. पुढे आत सापडणारे शिसे युरेनियमच्या किरणोत्सर्गी क्षयातून, म्हणजे युरेनियमचे हळूहळू शिसे होत जाऊन, आलेले; किती झाले त्यावरून वय निघते. युरेनियमचे दोन प्रकार असतात : युरेनियम-२३८ निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ निम्मे व्हायला सुमारे ७० कोटी. एकाच कणातून दोन स्वतंत्र वये मिळतात आणि ती एकमेकांशी ताडून पाहता येतात. जुळली नाहीत तर कणातून मध्येच शिसे निसटले असा संशय येतो. यावर भूशास्त्रज्ञ जेम्स मॅटिन्सन यांनी २००५ साली उपाय प्रसिद्ध केला : कण आधी भट्टीत तापवायचे, मग हायड्रोफ्लुओरिक आम्लात किरणोत्सर्गाने पोखरलेला भाग विरघळवून टाकायचा आणि उरलेला धडधाकट भाग मोजायचा. जुने आकडे बदलले ते बरेचसे अशा सुधारणांमुळे.

पर्मियन कल्प संपून ट्रायासिक सुरू होतो ती पातळी चीनमधल्या मेइशान इथे आहे, आणि तिचे वय आहे २५ कोटी १९ लाख २ हजार वर्षे, अधिक-उणे २४ हजार. ही त्रुटी दहा हजारांत एका भागाहूनही कमी आहे. आपल्या तक्त्यात हे ‘अधिक-उणे’ एकाही आकड्यापुढे नव्हते. उलट क्रिटेशस कल्पाच्या तळाचा खिळाच अजून ठरलेला नाही, म्हणून आयोग तिथल्या आकड्याआधी ‘सुमारे’चे चिन्ह देतो. तेही आपल्याकडे गळाले. जिथे हजारांपर्यंत खात्री आहे आणि जिथे सीमेचाच पत्ता नाही, ते दोन्ही आकडे एकाच तोऱ्यात छापले गेले.

कँब्रियनच्या आधीच्या काळात तर बहुतेक सीमा नुसत्या आकड्यांनीच ठरवलेल्या आहेत. प्रोटेरोझोइक हा कँब्रियनच्या आधीचा प्रदीर्घ कालखंड २५० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला तो तसे ठरवले म्हणून. खिळा वगैरे काही नाही. तिथे आपल्या लेखकाची तक्रार जास्त शोभली असती.

विनंती दोनच. आकड्यांपुढे त्रुटी छापावी. जागा नसेल तर रंग कमी करावेत. आणि आयोगाचा तक्ता वर्ष-महिन्यानिशी प्रसिद्ध होतो, तेव्हा आपण कुठली आवृत्ती वापरली ते कोपऱ्यात लिहावे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक