त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या रात्री विचारायचं सुचलं नाही आणि नंतर तिथे परत यायचा धीर झाला नाही. म्हणून हे पत्र असं चारचौघांसमोर.

मी हाताला टाके घालायला आले होते. ‘जिन्यावरून पडली’ हे मी नाही, नवऱ्याने सांगितलं. नाव, वय, कसं लागलं, किती वाजता लागलं, सगळी उत्तरं तोच देत होता. तुम्ही ट्रे आवरता आवरता म्हणालात, “आत नातेवाईक चालत नाहीत. बाहेर बसा.” इतक्या सपाट आवाजात, की त्याला वाद घालायला जागाच उरली नाही. असा नियम तिथे खरंच होता का, याची मला अजून शंका आहे.

दार लागल्यावर तुम्ही हाताबद्दल काहीच विचारलं नाहीत. “आवाज कधीपासून बसलाय?” मी म्हटलं, सर्दी झालीय. “गिळताना दुखतं?” मी गप्प. मग पापणी खाली ओढून डोळे बघितलेत आणि हळूच म्हणालात, “गळा दाबला होता का?”

गळ्यावर वळ नव्हता. निघण्यापूर्वी आरशात बघून मी खात्री करून घेतली होती. बाहेरून काही न दिसताही आत इजा झालेली असू शकते, हे मला फार नंतर कळलं. आवाज घोगरा होतो, गिळताना त्रास होतो, डोळ्यांत लाल ठिपके येतात, आणि आतली सूज किंवा रक्तवाहिनीची इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनीही जिवावर बेतते. अमेरिकेतल्या २००८ सालच्या एका अभ्यासात आढळलं, की जोडीदाराने एकदा गळा दाबला असेल तर पुढे त्याच्याच हातून त्या बाईचा खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक असते. मी तर ते मारहाणीत धरतच नव्हते. थप्पड म्हणजे मार. गळा धरला म्हणजे काय, तर ‘राग आला होता’.

तुम्ही डॉक्टरांना बोलावून गळा तपासायला लावलात. केसपेपरवर “पतीने दोन्ही हातांनी गळा दाबला, असे रुग्ण सांगते” असं लिहून घेतलंत आणि मला वाचून दाखवलंत. पुढे कोर्टात तोच कागद कामी आला.

खरं सांगू? तेव्हा मला तुमचा रागही आला. सगळं वदवून घेतलंत आणि ‘सोड त्याला’ असं एकदाही म्हणाला नाहीत. माझी धाकटी बहीण ते येता-जाता म्हणायची, म्हणून तर मी तिचे फोन घेणं बंद केलं होतं. तुम्ही फक्त विचारलंत, “आज घरी जायची भीती वाटते का? दुसरीकडे राहता येईल?” मी म्हटलं, घरीच जाते. “बरं. मग कागदपत्रांच्या झेरॉक्स, रोजची औषधं आणि थोडे पैसे दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवून द्या. निघायचं ठरलं तर त्याला आधी कळू देऊ नका. ते दिवस सगळ्यांत धोक्याचे असतात.” हेल्पलाइनचा नंबर मी लिहून मागितला, तर म्हणालात, “चिठ्ठी त्याला सापडेल. पाठ करा.” आणि टाके पडत असताना माझ्याकडून तो तीनदा म्हणून घेतलात. तो नंबर मी आजही झोपेत म्हणू शकेन.

एकटीला गाठून विचारावं, बोलायची बळजबरी करू नये, तिचा निर्णय तिला घेऊ द्यावा, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आरोग्यसेवकांसाठी सांगून ठेवलंय. तुम्ही ते वाचलं होतं की मुळातच तशा होतात, कोण जाणे.

मला निघायला आणखी अकरा महिने लागले. तेवढ्या काळात तुमच्या मनात माझं काय झालं असेल, याचा विचार कधी कधी येतो. अशा किती जणी येऊन परत घरी जात असतील, आणि पुढचं काहीच तुम्हाला कळत नसेल. म्हणून कळवते: मी निघाले. कागद बहिणीकडे होते. फोन आधी तिला केला, मग त्या नंबरवर.

आता २५ नोव्हेंबरला, स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनासाठीच्या दिवशी, मला बोलायला बोलावतात. आकडे बाकीचे वक्ते सांगतात. मी तुमचे तीन प्रश्न सांगते: आवाज, गिळणं, गळा. आणि त्याआधी नवऱ्याला बाहेर कसं बसवायचं, तेही. सभागृहात त्यावर हशा पिकतो, मग एकदम शांतता पसरते.

टाके काढायला मी दुसरीकडे गेले, तेवढं माफ करा.

तुमची,
जिन्यावरून न पडलेली पेशंट