विसर्ग कळला, पट्टीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'कृष्ण ऊर्जा क्षीण होतेय, आइन्स्टाइन चुकले' ही आपली बातमी नातवाने मोठ्याने वाचून दाखवली. (कृष्ण ऊर्जा म्हणजे विश्वाचं प्रसरण वाढवणारी, अजून न उमगलेली ऊर्जा; आइन्स्टाइनच्या स्थिरांकानुसार ती बदलत नाही. तिचा आपल्या कृष्णेशी संबंध नाही, हे त्याला आधी सांगावं लागलं.) अॅरिझोनातल्या 'डेसी' प्रकल्पाने १ कोटी ४० लाखांवर दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह) आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) मोजून मार्च २०२५ मध्ये ती क्षीण होत असावी असा संकेत दिला, हे खरंच. पण खात्री २.८ ते ४.२ सिग्मा (निकाल निव्वळ योगायोग नाही, याच्या खात्रीचं माप), सोबत कोणत्या अतिनवताऱ्यांची (स्फोट झालेल्या ताऱ्यांची) यादी घ्याल तशी बदलणारी. भौतिकवाले ५ सिग्माशिवाय 'शोध' म्हणत नाहीत. बातमीत याचा उल्लेखच नाही.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. मी पाटबंधारे खात्यात होतो. पुराच्या रात्री कोयनेचा विसर्ग फोनवर कळायचा, तरी सांगलीच्या आयर्विन पुलावरची पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी बॅटरीच्या उजेडात वाचायला माणूस जायचाच. विसर्ग तोच असला, तरी खाली हरिपूरला वारणा फुगलेली असली की पाणी तुंबायचं आणि पट्टी वेगळंच बोलायची.

विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय, हा झाला विसर्ग. त्यात दीर्घिकांचे पुंजके किती दाट जमले, ही पट्टी. कृष्ण ऊर्जा बदलते म्हणा, नाहीतर मोठ्या अंतरावर गुरुत्वाकर्षणच वेगळं वागतं म्हणा. प्रसरणाचा हिशेब दोन्हींनी जुळवता येतो. पुंजक्यांची वाढ मात्र दोन्हींत सहसा सारखी येत नाही. खरी परीक्षा तिथे!

ही पट्टी वाचणं अवघड. वाटेतल्या वस्तुमानाने प्रकाश वाकतो आणि दूरच्या दीर्घिकांचे आकार जेमतेम टक्काभर तिरपे होतात, तेवढ्यावरून अंदाज बांधायचा. विश्वाच्या बाल्यावस्थेतला प्रकाश टिपणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांवरून दाटपणाचा आकडा ०.८३ निघतो. चिलीतल्या दुर्बिणीवरच्या 'किड्स' सर्वेक्षणाने २०२० मध्ये सुमारे ०.७६ सांगितला आणि नव्या भौतिकीची चर्चा रंगली. २०२५ मध्ये त्याच लोकांनी पूर्ण माहिती घेऊन, दीर्घिकांची अंतरं नीट लावून पुन्हा मोजलं, तर सुमारे ०.८१५! भांडण जवळपास मिटलं. पट्टी वाचण्यात आमच्याकडेही असे घोळ झालेत, म्हणून मला नवल वाटलं नाही.

जुलै २०२३ मध्ये सोडलेली युक्लिड दुर्बीण हेच मोजते आहे. तिचे आकडे येतील तेव्हा प्रसरणासोबत हा दाटपणाचा आकडाही कृपया छापावा, आणि सिग्मा किती तेही.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
गावभाग, सांगली