पेपर मोजा, पण आधी उघडून बघा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्राध्यापकांच्या बढतीसाठी संशोधन पेपरांना गुण देतात, त्या पद्धतीबद्दल हे पत्र आहे. 2017 साली अमेरिकेत लाँग बीच इथल्या एका परिषदेत आठ जणांचा एक पेपर मांडला गेला. चॅटजीपीटीच्या नावातला शेवटचा 'टी', म्हणजे ट्रान्सफॉर्मर नावाची संगणकी रचना, त्या पेपरातून आला. आठांपैकी निकी परमार पुण्याच्या पीआयसीटी या अभियांत्रिकी कॉलेजात शिकल्या. नाशिकची आमची कॉलेजं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याच विद्यापीठाचं ते कॉलेज. लेखकांच्या यादीत त्यांचं नाव तिसरं आहे, पण तळटीपेत स्वच्छ लिहिलंय की वाटा सगळ्यांचा सारखा आणि नावं कोणत्याही क्रमाने टाकली आहेत.

हा पेपर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2018 च्या नियमावलीतल्या गुणांच्या तक्त्यात बसवून पाहू. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला 7 गुण. लेखक दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला 70 टक्के, इतरांना प्रत्येकी 30 टक्के. म्हणजे परमार यांच्या पदरात पडले 2.1 गुण. नियमात बसणाऱ्या एखाद्या जर्नलमध्ये कुणी वाचणार नाही असा पेपर एकट्याने छापला, तर विज्ञान शाखेत सरळ 8 मिळतात.

इतर विषयांत परिषद म्हणजे भेटीगाठी आणि पेपरवाचन, हे खरं. संगणकशास्त्रात तसं नाही. इथे चांगल्या परिषदांमध्ये पेपर तज्ज्ञांकडून तपासून घेतात आणि आलेल्यांपैकी बहुतेक परत पाठवतात. त्यामुळे नवं काम आधी तिथेच येतं. तक्ता बनवणाऱ्यांनी ही रीत विचारातच घेतलेली दिसत नाही.

त्याहून मोठं नुकसान 70-30 च्या हिशेबाने होतं. कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल भरायची वेळ आली की स्टाफरूममध्ये चर्चा रंगते ती पहिलं नाव कुणाचं याची. प्रोग्राम लिहिला विद्यार्थिनीने, आकडेमोड केली संख्याशास्त्राच्या सरांनी, पण बढती ज्याची अडलीय त्याचं नाव वर. 'या पेपरात तू मला घे, पुढच्यात मी तुला' हा व्यवहार तर इतका रुळलाय की त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. आणि दुसऱ्या विभागातल्या माणसाला सोबत घेतलं की आपले गुण घटतात, हे पोरंसुद्धा पहिल्या वर्षातच शिकतात.

नाशिकला हे परवडणारं नाही. 2015 च्या सिंहस्थाच्या वेळी अमेरिकेतल्या एमआयटीतले रमेश रासकर, मूळचे नाशिककरच, 'कुंभथॉन' या कुंभमेळ्यासाठीच्या तंत्रज्ञान उपक्रमाच्या निमित्ताने इथल्या तरुणांना घेऊन बसले होते. गर्दीची पावलं मोजणारी चटई नाशिकच्या शाळकरी मुलाने याच काळात तयार केली. 2027 साठी पुन्हा कॅमेऱ्यातून गर्दी मोजणं, हरवलेली माणसं शोधणं, पार्किंगचा अंदाज बांधणं, अशी कामं निघतील. त्यात पोलीस, डॉक्टर, महापालिकेचे अभियंते असे चार-पाच जण एकत्र लागतात. एवढ्या जणांचा पेपर झाला तर प्रत्येकाचा वाटा किती ते वर आलंच आहे. आणि लोक फुकट वापरू शकतील असं सॉफ्टवेअर खुलं केलं, तर त्याचा रकाना तक्त्यात सापडत नाही.

यावर कुणी तुम्हाला 'एच-इंडेक्स लावा' असं सुचवेल. निदान 10 उद्धरणं, म्हणजे इतरांच्या पेपरांत दाखले, मिळालेले 10 पेपर असले की निर्देशांक 10. सोपं आहे, म्हणूनच मोह पडतो. पण तीनच पेपर लिहिलेल्याचा निर्देशांक तीनच्या वर जाऊच शकत नाही, मग त्यातल्या एकाने जग का बदलेना. 2005 साली तो मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनीच एका आकड्यात माणसाचं काम ढोबळच कळतं असं बजावलं होतं.

'नियम केंद्राचे आहेत,' असं उत्तर येईल, याची कल्पना आहे. पण मान्य जर्नलांची 'केअर' नावाची आपली यादी बंद करताना 2025 मध्ये यूजीसीनेच जर्नलं पारखायची जबाबदारी संस्थांवर सोपवली. मग राज्यातल्या विद्यापीठांसाठी निदान संगणकशास्त्रापुरतं तरी इतकं करा: प्रत्येक पेपरासोबत कुणी काय केलं याचं सर्व लेखकांच्या सह्यांचं निवेदन घ्या, चांगल्या परिषदांची यादी त्या विषयातल्या माणसांकडून करून घ्या, आणि उमेदवाराने निवडलेली पाच कामं बाहेरच्या तज्ज्ञाला वाचायला लावा. लासलगावला व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन बघतो आणि मगच बोली लावतो. आमच्याकडे फायलीतल्या झेरॉक्स मोजतात, पेपर उघडत नाहीत. 70-30 चं कलम काढून टाकावं, असं राज्याच्या वतीने यूजीसीला लेखी कळवणंही तुमच्या हातात आहे.

मसुद्यासाठी इथले शिक्षक मुंबईला यायला तयार आहेत. फक्त सिंहस्थाची गर्दी उसळायच्या आत बोलवा. नंतर नाशिकच्या मुंबई नाक्यावरून गाडी काढणं आमच्या हातात राहणार नाही.

आपला,
संगणकशास्त्राचा एक प्राध्यापक
नाशिक