एम.जी. रोडवरच्या रिपेअरिंगवाल्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि गाळ्याचा नंबर या पत्रात मुद्दाम टाकलेला नाही. नावाचा गाजावाजा तुम्हाला रुचत नाही, आणि नाशिकमध्ये ज्यांनी तुमच्या सल्ल्याने जुन्या धर्तीचा हातातला व्हिडिओ गेम घेतला त्यांना हे पत्र कोणाला आहे ते लगेच कळेल. तुमचे आभार चारचौघांत मानायचे ठरवले, कारण तुम्ही जे सांगता ते घ्यायला निघालेल्या प्रत्येकाच्या कानावर पडलं पाहिजे.

सगळ्यांत आधी आभार, ते गिऱ्हाईकाला थांबवल्याबद्दल. "किती गेम आहेत यात?" या प्रश्नावर दुसरा कोणीही आकडा सांगतो. तुम्ही विचारता, "कुठले खेळायचे आहेत?" खोक्यावर ४०० छापलेले ते चारपाचशे रुपयांचे रंगीत हँडहेल्ड तुम्ही विकताच, पण ते काय आहेत हेही सांगता. गेम चिपमध्येच कोरलेले, सगळे जुन्या ८-बिट जातीचे, त्यातले कित्येक तेच ते, फक्त नाव किंवा लेव्हल बदलून पुन्हा मोजलेले. नवीन गेम टाकता येत नाही, खेळ मध्येच सेव्ह होत नाही. जमेची बाजू म्हणजे आत बहुधा जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी असते, म्हणून ती गेली तर कुठेही मिळते. सहा-सात वर्षांच्या पोराला सुट्टीत खेळणं म्हणून ठीक. ज्याला गेम बॉयवरचा (निन्टेन्डोच्या जुन्या हातातल्या मशीनवरचा) लांबलचक गेम महिनाभर थोडाथोडा खेळायचा आहे, त्याला ते देऊ नये. हे तुम्ही विकण्याआधी बोलता, त्याची किंमत आम्हाला कळते.

दुसरे आभार स्क्रीनच्या हिशेबाचे. बाजारात सगळे इंच विचारतात. तुम्ही कागदावर गुणाकार मांडून दाखवता, आणि तो एकदा समजला की निम्मी खरेदी तिथेच उरकते. १९८९ च्या गेम बॉयचं चित्र १६० बाय १४४ ठिपक्यांचं. २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्सचं २४० बाय १६०. या जुन्या मशीनांचे गेम चालवणारे आजचे बरेचसे साडेतीन इंची हँडहेल्ड ६४० बाय ४८० चे. गेम बॉयचं चित्र तिप्पट केलं की ४८० बाय ४३२ होतं, म्हणजे वरखाली थोडी आणि बाजूंना जरा जास्त काळी पट्टी राहते, पण प्रत्येक ठिपका सारखा. पहिल्या प्लेस्टेशनच्या ३२० बाय २४० च्या गेमांना तर हा पडदा मापाचाच, बरोबर दुप्पट. अडचण येते ती ॲडव्हान्सची. ६४० ला २४० ने भागलं की २.६७ येतात. पडदाभर ताणलेल्या चित्रात काही ठिपके दोन घरांचे होतात, काही तीन घरांचे, आणि पात्र चालायला लागलं की जमीन लुकलुकते. गिऱ्हाईक म्हणतं स्क्रीन खराब आहे. स्क्रीन चांगली असते, भागाकार खराब असतो. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन इंटीजर स्केलिंग, म्हणजे फक्त पूर्ण पटीत मोठं करणं, चालू करून देता. मग चित्र ४८० बाय ३२० चं, लहान पण स्वच्छ. आणि ज्याला ॲडव्हान्सच खेळायचा आहे त्याला सरळ ७२० बाय ४८० चा पडदा असलेलं आरजी३४एक्सएक्ससारखं मॉडेल सुचवता, कारण तिथे त्याचं चित्र बरोबर तिप्पट बसतं. ॲनालॉग पॉकेट या हँडहेल्डचा पडदा १६०० बाय १४४० चा का, हेही या हिशेबात आपोआप कळतं: गेम बॉयच्या बरोबर दहापट. तो महाग आहे, सगळ्यांना परवडणारा नाही, पण हिशेब तोच.

प्रोसेसरबद्दल तुम्ही कमी बोलता, तेही योग्यच. मियू मिनी प्लस या हँडहेल्डमध्ये १२८ एमबी रॅम आहे, आणि प्लेस्टेशन एकपर्यंत तो चांगला चालतो. एच७०० चिपच्या आरजी३५एक्सएक्स प्लस, एच, एसपी या भावंडांत १ जीबी. त्यांच्यावर पीएसपीचे (सोनीच्या हातातल्या प्लेस्टेशनचे) हलके गेम चालतात, जड गेम अडखळतात. "पीएसपी चालतो का" याला "कुठला गेम" हेच उत्तर, आणि पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२ चा, लांबट, म्हणून साडेतीन इंची चौकोनी पडद्यावर त्याची अक्षरं वाचताना डोळे दुखतात हे वर.

आता काउंटरवरची तपासणी. खोकं उघडून, गेम चालवून, गिऱ्हाईकाच्या हातात देणारे तुम्ही आम्हाला मोठे वाटता ते याच कारणाने. आधी पडदा एकदा पूर्ण पांढरा, एकदा पूर्ण काळा करून मेलेले ठिपके आणि कडेने गळणारा उजेड पाहायचा. मग आवाज पूर्ण वाढवून स्पीकर फाटतो का ते. मग डी-पॅड, म्हणजे चार दिशांचं अधिक-चिन्हासारखं बटण, आणि तिथे घाई नाही. ठोकळे रचायचा गेम लावायचा आणि अंगठ्याने फक्त डावं-उजवं जोरात दाबायचं. मध्येच ठोकळा धाडकन खाली बसला तर डी-पॅड न दाबलेली दिशा पाठवतोय. असे खोटे तिरके झटके स्वस्त मॉडेलांत नेहमी सापडतात. डी-पॅडखाली रबराचा पडदा असतो, त्यावर कार्बनच्या टिकल्या. अंगठा थोडा कलला की शेजारची टिकलीही बोर्डला टेकते. उपाय तुम्ही सगळ्यांसमोर दाखवलात: मागचे स्क्रू काढायचे, प्लॅस्टिकच्या कडीत नखाऐवजी जुनं एटीएम कार्ड सरकवायचं, सर्वांत आधी बॅटरीचा सॉकेट सोडवायचा, मग बोर्डावरच्या दिशांच्या संपर्काचा थोडासा भाग केप्टॉन टेपच्या (उष्णता सोसणाऱ्या पातळ चिकटपट्टीच्या) बारीक तुकड्याने झाकायचा. जास्त झाकला तर बटण दाबूनही लागत नाही, म्हणून थोडंथोडं. बटण चिकट झालं असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापूस. घरातलं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

मेमरी कार्डाबद्दल मात्र तुमचे आभार मानू तेवढे थोडे. गेम उडाले, मेनूच येत नाही, लोगोवरच अडकतं, अशा तक्रारींमागे बहुतेकदा खोक्यातून आलेलं बिननावाचं कार्ड असतं, मशीन नसतं. म्हणून घरी नेल्यावर पहिलं काम, तुमच्याच क्रमाने: मशीन मेनूतून पूर्ण बंद करायचं, कार्ड काढायचं, कार्ड रीडरमधून कॉम्प्युटरला लावायचं. विंडोज लगेच विचारतं, ड्राइव्ह फॉरमॅट करायची का, आणि तीही एकामागून एक चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी कॅन्सल. कार्ड बिघडलेलं नसतं. त्यावर लिनक्सचे भाग असतात, ते विंडोजला वाचता येत नाहीत म्हणून ते असं विचारतं. इथे होय म्हटलं की सिस्टम पुसली जाते. मग विन३२ डिस्क इमेजर या प्रोग्रामने रीड करून पूर्ण कार्डाची एक फाइल, म्हणजे इमेज, करून ठेवायची. ही फाइल म्हणजे परतीची वाट.

नवीन कार्ड चांगल्या कंपनीचं, बिल देणाऱ्याकडून, आणि जुन्यापेक्षा मोठं घ्यायचं. ६४ चं ६४ घेतलं तरी दोन कार्डांत काही बाइटचा फरक निघू शकतो, आणि मग इमेज शेवटी मावत नाही. ६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ५९ च्या आसपास दिसतं, त्यात फसवणूक नाही; मोजण्याची पद्धत वेगळी आहे. खरी फसवणूक वेगळीच. नकली कार्डाचा कंट्रोलर ६४ सांगतो, आत चिप असते ८ किंवा १६ ची. पहिले काही गेम झक्क चालतात, पुढचे लिहिले जातात असं दिसतं आणि उघडताना कचरा निघतो. ते ओळखायला कोरं कार्ड एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने पूर्ण भरून परत वाचून पाहायचं. यात तास-दोन तास जातात, मध्ये काढायचं नाही. मॅक किंवा लिनक्सवर हेच काम एफथ्री करतं. तपासणी पार पडली की मगच इमेज लिहायची. मूओएस, नुली किंवा मियूचं अनियन अशी मशीनला चालणारी दुसरी सिस्टम घ्यायची असेल तर मॉडेलचं नाव अक्षरशः जुळवून फाइल उतरवायची, कारण साधं आरजी३५एक्सएक्स आणि प्लस यांच्या चिपा पूर्ण वेगळ्या आहेत आणि एकाची इमेज दुसऱ्यावर उठत नाही. पहिल्यांदा चालू होताना ते कार्डाचा उरलेला भाग ताणून घेतं, तोवर बटणाला हात लावायचा नाही.

आणि सेव्हची गोष्ट. सिस्टम बदलण्याआधी गेमच्या आतल्या मेनूतून सेव्ह करा, फक्त सेव्ह स्टेटवर (खेळ त्या क्षणी जसाच्या तसा गोठवून ठेवणाऱ्या फाइलवर) विसंबू नका, हे तुम्ही प्रत्येकाला बजावता. गेमची स्वतःची सेव्ह फाइल एका एम्युलेटरमधून (जुन्या मशीनची नक्कल करून गेम चालवणाऱ्या प्रोग्राममधून) दुसऱ्यात सहसा जाते. स्टेट मात्र त्या एम्युलेटरच्या त्या आवृत्तीला बांधलेली असते.

चार्जिंगचं कोडंही तुम्हीच उलगडलंत. नवा मोबाइल चार्जर, दोन्ही टोकांना सी असलेली केबल, आणि मशीन ढिम्म. गिऱ्हाईकाला वाटतं बॅटरी गेली. सी-टू-सी चार्जर आधी समोरच्या उपकरणात सीसी नावाच्या दोन पिनांवर ५.१ किलोओहमचे रेझिस्टर आहेत का ते पाहतो, आणि ते सापडले तरच ५ व्होल्ट सोडतो. काही स्वस्त बोर्डांवर हे रेझिस्टर बसवलेलेच नसतात. जुन्या चौकोनी यूएसबी-ए पोर्टमधून ५ व्होल्ट कायम येतात, त्यामुळे ए-टू-सी केबल आणि ५ व्होल्ट २ ॲम्पिअरचा साधा चार्जर घेतला की प्रश्न मिटतो. कोणाला तेवढ्यावर समाधान नसेल तर ते दोन इवले रेझिस्टर तुम्ही भिंगाखाली जोडूनही देता. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत मशीन ठेवू नका, पाठ फुगल्यासारखी किंवा पडदा उचलल्यासारखा दिसला की दाबून बसवू नका, चार्जिंगही थांबवा, हे सांगताना तुमचा आवाज चढतो. तो चढायलाच हवा.

खऱ्या, जुन्या गेम बॉयवर तुमचा जीव जास्त आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. माळ्यावरून काढलेल्या मशीनमध्ये चार पेन्सिल सेल पाझरून पांढरी-हिरवी पपडी धरलेली असते. ती पपडी अल्कलाइन सेलची, म्हणून आधी थेंबभर व्हिनेगर, मग अल्कोहोल, मग पूर्ण वाळवण. पडद्यावरच्या उभ्या रेषा गायब असतील तर पडदा बाद समजू नये. खालच्या रिबनचा जोड सुटलेला असतो आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक त्यावरून हलकं, अलगद फिरवलं की बऱ्याचदा रेषा परततात. त्याचे तीन पाकळ्यांचे स्क्रू साध्या पेचकसाने काढायला जाऊन किती लोकांनी गोल केलेत, आणि तुम्ही ते न रागावता काढून दिलेत!

खरेदी कुठून, यावर तुमचं म्हणणं आता आमचंही झालं आहे. नोव्हेंबर २०२० पासून भारतात अलीएक्स्प्रेस या चिनी खरेदी-ॲपवर बंदी आहे, त्यामुळे माल कोणाच्या तरी हातून फिरून येतो आणि वॉरंटी वाटेतच गळते. पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन मुंबईचा लॅमिंग्टन रोड (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) गाठायलाही हरकत नाही, पण बिल घ्या, बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या, आणि खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. व्हिडिओ गेम २०१२ च्या आदेशापासून त्या सक्तीच्या यादीत आहेत. बिल मागितल्यावर कुरकुरणाऱ्याकडून मशीन घेऊ नये.

हजारो गेम भरून द्या म्हणणाऱ्याला तुम्ही नाही म्हणता, त्याबद्दलही आभार. ते परवान्याशिवायच्या नकला विकणं आहे, आणि गिऱ्हाईक गेलं तरी तुम्ही त्यावर ठाम राहिलात. त्याऐवजी बनवणाऱ्यांनीच मोफत दिलेले गेम तुम्ही दाखवता: टोबू टोबू गर्ल, मायक्रोसिटी, २००४ चा केव्ह स्टोरी. जीबी स्टुडिओ हा गेम बनवायचा प्रोग्राम शिकवल्यावर शाळकरी पोरं स्वतःचा गेम बॉयचा गेम बनवून त्याच मशीनवर चालवतात. एका खरेदीतून एवढं निघतं हे आम्ही तुमच्या काउंटरपाशी पाहिलं.

नुसते आभार मानून थांबावंसं वाटत नाही. कार्ड तपासायला तुमचा कॉम्प्युटर तासन्‌तास अडकतो आणि तुम्ही त्याचे पैसे घेत नाही. यापुढे कोरी कार्डं रविवारी आमच्याकडे द्या. आम्ही पूर्ण भरून, वाचून, निकालाची चिठ्ठी लावून सोमवारी सकाळी गाळ्यावर पोचवू. सी-टू-सीचा खुलासा आणि "फॉरमॅट विचारलं तर कॅन्सल" या दोन गोष्टींचा मराठी कागदही छापून आणतो, म्हणजे प्रत्येक खोक्यात एक टाकता येईल. कागदाचा आकार खोक्याप्रमाणे तुम्हीच सांगा.

आपले नम्र,
नाशिकमधले जुन्या गेमांचे चाहते